बिऱ्हाड हलते तेव्हा

(उल्हासनगर, कॅम्प २ येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, ‘घर बदलताना कुटुंबावर येणारा ताण’. इतरत्र हा विषय ठेवला असता, तर श्रोत्यांनी मोठ्या सदनिकेत जाणाऱ्यांच्या गोड काळज्या ऐकण्याची तयारी ठेवली असती. पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत, जुना सोफा विकावा की न्यावा, इत्यादी. कॅम्प दोनमध्ये या विषयाचा अर्थ निराळा आहे. कोणाच्या इमारतीला महानगरपालिकेची नोटीस आली आहे, कोणाच्या छताचे पोपडे पडत आहेत आणि कोणी पावसाळ्यापुरते बहिणीकडे राहायला गेले आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याकडे घर बदलणे हा पुष्कळदा हौसेचा नव्हे, तर जीव वाचवण्याचा प्रश्न असतो. म्हणून मी आज सामान कसे बांधावे यापेक्षा माणसे कशी सांभाळावीत, याविषयी अधिक बोलणार आहे.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत, तिचा इतिहासच मुळी बिऱ्हाड हलवण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. तिचे नावच ‘ट्रान्झिट कॅम्प’, म्हणजे येता-जाता थांबण्याची जागा. दोन हजारांहून अधिक बराकी आणि पाच भाग. ते भाग म्हणजेच आजचे आपले कॅम्प १ ते ५. पुढे १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधील हिंदूंनी आरंभी काही महिने वाट पाहिली. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर लोंढाच सुटला. कोणी कराचीहून बोटीने मुंबईला उतरले, कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले. त्यांतील सुमारे एक लाख माणसे या ओसाड बराकींत आणून ठेवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांच्या गावाला उल्हासाचे नाव मिळाले!

एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहत. मध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचे पडदे होते. शेजारच्याचे भांडण, शेजारच्या बाळाचे रडणे, शेजारच्या म्हातारीचा खोकला, सारे सामायिक. त्या लोकांनी ते दिवस कसे काढले, याचा विचार केला की मला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली ही की, ते गाव सोडून आले, पण गावाचे नाते त्यांनी सोडले नाही. शिकारपूर, लारकाना, सक्कर, हैदराबाद अशा मूळ ठिकाणांच्या नावाने सिंधी समाजाच्या पंचायती येथेही उभ्या राहिल्या. लग्न असो वा मयत, पाठीशी उभे राहायला ओळखीची माणसे होती. दुसरी गोष्ट ही की, येताना त्यांनी काय आणले, हे पाहण्यासारखे आहे. कॅम्प ५ मधील चालिहा साहेब मंदिरातील अखंड ज्योत सिंधमधून आणलेली आहे, अशी तेथील परंपरा आहे. दागिने, भांडी, दस्तऐवज मागे राहिले असतील. परंतु एक दिवा सांभाळून आणावासा वाटला. याचा अर्थ मी एवढाच घेते की, घर हलते तेव्हा माणसाला एखादी तरी गोष्ट अखंड चालू ठेवावीशी वाटते. कोणती ते प्रत्येक कुटुंबाने आपापले ठरवायचे असते.

बराकी गेल्या, इमारती आल्या. त्या कशा आल्या, हे आपल्याला माहीत आहे. न्यायालयाने येथील ८५५ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला, तेव्हा सारे शहर हादरले आणि अखेर २००६ साली विधिमंडळाने केवळ उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. परंतु कागदावर इमारत नियमित झाली म्हणून तिच्यातील सळई गंजायची थांबत नाही. मे २०२१ मध्ये आपल्याच नेहरू चौकातील पाच मजली इमारतीचा वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर कोसळत तळापर्यंत आला आणि सात माणसे गेली. त्याच्या पंधरवडाभर आधी कॅम्प १ मध्येही अशीच दुर्घटना झाली होती. दोन्ही वेळा माणसे आपापल्या घरांतच होती.

मग माणसे घर सोडत का नाहीत? बाहेरचे लोक म्हणतात, हट्टी आहेत, अडाणी आहेत. हे मला मान्य नाही. घर न सोडण्यामागे फार स्पष्ट हिशेब असतो. एकदा कुलूप लावून बाहेर पडलो की परत आत येऊ, याची हमी कोण देतो? भाड्याच्या घराचे डिपॉझिट कुठून आणायचे? मुलाची शाळा, नवऱ्याचे दुकान, आईचा डॉक्टर सारे या अर्ध्या मैलात आहे. बदलापूरला स्वस्त घर मिळाले, तरी हे सारे तिकडे कसे न्यायचे? ही भीती खोटी नाही. आणि भीती खोटी नसली की ती समजावून जात नाही. तिच्यातील एकेक भाग उचलून त्याची व्यवस्था लावावी लागते.

अमेरिकेत थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन संशोधकांनी १९६७ साली आयुष्यातील ताणांची एक मोजपट्टी तयार केली. त्रेचाळीस घटना आणि प्रत्येकीला गुण. जोडीदाराचा मृत्यू हा सर्वांत मोठा आघात, त्याला १०० गुण. घर बदलणे याला किती? अवघे २०. हे वाचून वाटते की, चला, फार काही नाही. परंतु त्याच यादीत शाळा बदलण्याला वेगळे २० आहेत, राहणीमानातील बदलाला २५, सामाजिक जीवनातील बदलाला १८ आणि झोपेच्या सवयी बदलण्याला १६. घर बदलले की ही सारी मंडळी न बोलावता येतात. बेरीज केली तर ९९ होते. मोजपट्टी परदेशी आहे, आपल्या कुटुंबांना ती तंतोतंत लागू होईल असे मी म्हणत नाही. परंतु घर बदलणाऱ्या गृहिणीला ‘एवढे काय त्यात, टेम्पो तर बोलवायचा आहे’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी ही बेरीज एकदा स्वतः करून पाहावी.

त्याच अमेरिकेत बोस्टन शहरातील वेस्ट एंड नावाची जुनी, दाटीवाटीची वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. तेथून हललेल्या लोकांचा अभ्यास मार्क फ्रीड यांनी केला आणि १९६३ साली प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आप्त गेल्यासारखे तीव्र दुःख झाले होते आणि कित्येकींचे ते दोन वर्षांनीही ओसरले नव्हते. ज्यांचा जीव वस्तीत आणि शेजाऱ्यांत अधिक गुंतला होता, त्यांना अधिक. आपल्याकडे हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये नवी गावे वसवली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरे, मजबूत बांधकाम. परंतु जुन्या गल्लीतला ओटा आणि समोरासमोरची दारे गेली आणि माणसांना माणसे दिसेनाशी झाली, ही तक्रार पुढे अनेक वर्षे ऐकू येत राहिली. घर सुरक्षित झाले आणि शेजार हरवला.

म्हणून पहिली सूचना. इमारत रिकामी करायची असेल, तर शक्यतो चार-पाच कुटुंबांनी मिळून एकाच भागात घरे शोधा. एकाच इमारतीत मिळतील असे नाही, पण एकाच गल्लीत, एकाच स्थानकाजवळ मिळू शकतात. दलालाकडे एकटे गेलात तर तो भाव सांगतो. पाच कुटुंबे गेली तर तो भाव विचारतो. आणि संध्याकाळी सात वाजता आजी दारात उभी राहिली की तिला ओळखीचा चेहरा दिसतो. हे डिपॉझिटच्या सवलतीहून मोठे आहे.

आता घरातल्यांविषयी. वयोवृद्धांपासून आरंभ करते, कारण त्यांचाच विचार सर्वांत शेवटी होतो. आपल्याकडे एक पद्धत आहे : घर हलवायचे असले की आईला आठ दिवस लेकीकडे पाठवायचे आणि सारे लागले की थेट नव्या घरात आणायचे. हेतू चांगला असतो. परंतु आईच्या दृष्टीने काय होते, याचा विचार करा. ती एका घरातून बाहेर पडली आणि ते घर नाहीसे झाले. निरोप नाही, शेवटचा नमस्कार नाही. नव्या घरात तिचे मीठ कुठे आहे, हे तिला सुनेला विचारावे लागते. ज्येष्ठांना बांधाबांधीच्या धुळीपासून दोन दिवस दूर ठेवा, पण त्यांची पेटी त्यांनाच भरू द्या. तिच्यातील फुटकी चष्म्याची डबी आणि पिवळी पत्रे टाकू नका. नव्या घरात त्यांची खाट अशी मांडा की, मोरी पूर्वी ज्या हाताला होती त्याच हाताला येईल. पहिले काही आठवडे रात्री बारीक दिवा चालू ठेवा. अंधारात, अनोळखी घरात, अर्धवट झोपेत उठलेला म्हातारा माणूस जुन्या घराच्या नकाशाने चालतो आणि पडतो. ज्यांना विसरण्याचा आजार आहे, ते तर ‘घरी चला’ म्हणत राहतात. त्यांच्याशी वाद घालू नये. जुन्या घरातील घड्याळ, जुनी चादर, देवाची तीच तसबीर डोळ्यांसमोर ठेवावी. औषधे किमान पंधरा दिवसांची आधी आणून हाताशी असावीत. ती खोक्यात बांधू नयेत.

मुलांना आपण सांगतच नाही. त्यांना कळते ते नोटिशीवरून आई-बाबांमध्ये चाललेल्या कुजबुजीतून. मी वर्षानुवर्षे शाळेत शिकवले आहे. वर्गातील एखादे चुणचुणीत मूल एकाएकी गप्प होते, वही अर्धवट ठेवते, तेव्हा घरी काहीतरी हलते आहे हे शिक्षकाला बरेचदा आधी कळते. मुलांना खरे सांगा : इमारत जुनी झाली आहे, आपण सुरक्षित जागी चाललो आहोत, आपण सगळे एकत्र जाणार आहोत. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. हलण्यापूर्वी एकदा नवे घर, नवी गल्ली, जवळचे मैदान दाखवून आणा. लहान मुलाचे एक खोके वेगळे करा; ते सर्वांत शेवटी भरायचे आणि सर्वांत आधी उघडायचे.

शाळेच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार, आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर प्रवेश नाकारता येत नाही. दहावीचे मूल असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की शाळा बदलू नये. बदलापूरहून उल्हासनगर लोकलने दोन स्थानकांवर आहे. एक वर्ष मूल येईल-जाईल. परंतु नोंदणी, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि नवे शिक्षक यांचा भार त्या एका वर्षात त्याच्यावर टाकू नये.

गृहिणीविषयी मी जास्त बोलणार नाही, कारण ती बोलू लागली तर सभा संपायची नाही. एवढेच सांगते की, नव्या घरात पहिल्या दिवशी एकच खोली लावायची, ती स्वयंपाकघर. बाकीची खोकी आठवडाभर राहू द्या. त्या रात्री हॉटेलातून मागवण्यापेक्षा साधा वरण-भात घरी शिजला, तर मुले लवकर झोपतात. आणि कर्त्या पुरुषांविषयी : बोजा त्यांच्यावरही असतो, कर्जाचा, डिपॉझिटचा, ‘घर सांभाळता आले नाही’ अशा अपमानाचा. ते बोलत नाहीत, चिडतात. घर हलवण्याच्या महिन्यात नवरा-बायकोंनी रोज रात्री पंधरा मिनिटे खर्चाची वही समोर ठेवून बसावे. आकडे समोर असले की आवाज चढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता कागदपत्रे. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांची कपाटे पाण्यात गेली, त्यांना वेगळे सांगायला नको. सर्व मूळ कागद एका जलरोधक पिशवीत, आणि ती पिशवी टेम्पोत नव्हे, तर घरातील एका जबाबदार माणसाच्या खांद्यावर. इमारत धोकादायक ठरवताना तिचा वर्ग लिहिलेला असतो. ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याची, ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२ बी’ म्हणजे राहूनच दुरुस्ती, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ. नोटिशीत हा वर्ग पाहिल्याखेरीज घाबरू नका, आणि पाहिल्यानंतर ‘सी-१’ असेल तर थांबू नका. बाहेर पडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाची मोजणी लेखी घ्या, प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढा, वीज मीटरचे शेवटचे वाचन टिपून ठेवा, सनद, करपावत्या व खरेदीचे कागद यांच्या तीन-तीन प्रती करा. परत येण्याचा हक्क घरात बसून राहिल्याने टिकतो, असा आपला समज असतो. तो पुराव्याने टिकतो. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या कुटुंबाला हक्क मिळाला काय आणि न मिळाला काय!

भाड्याने घर घेताना तोंडी व्यवहार करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी आता ‘नमुना ८’ भरावा लागतो. गॅस, बँक, शिधापत्रिका यांच्यासाठी पहिल्या महिन्यातच एक दिवस सुट्टी काढा. हे काम लांबले की वर्षभर रेंगाळते.

मुहूर्ताचा प्रश्न हमखास विचारला जातो. धोक्याच्या नोटिसा बहुधा पावसाळ्यापूर्वी येतात. त्याच सुमारास अक्षय्य तृतीया असते आणि मुलांना सुट्टीही असते. साधले तर उत्तमच. साधले नाही, तर आषाढ आहे म्हणून गळक्या, तडकलेल्या स्लॅबखाली राहावे, असे कोणते शास्त्र सांगते? आधी माणसे हलवा. देव्हारा सोबत न्या, दिवा लावा, दूध उतू घाला. वास्तुशांत चातुर्मास संपल्यावर यथासांग करता येते. आणि जुन्या घराचा निरोप मात्र नीट घ्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घर झाडून घ्या, उंबरठ्यावर रांगोळी काढा, शेजारच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवा. ज्या घरात बाळंतपणे झाली, ज्या घरातून कोणी शेवटचे निघाले, त्याला एक संध्याकाळ देणे लागतो. रडू आले तर येऊ द्या.

शेवटचा मुद्दा ‘तात्पुरते’ या शब्दाविषयी. इमारत पुन्हा उभी राहीपर्यंत आपण भाड्याच्या घरात ‘तात्पुरते’ जातो. मग भिंतीला खिळा ठोकत नाही, खोकी सोडत नाही, शेजाऱ्यांची नावे विचारत नाही. ही छावणीही तात्पुरतीच होती. बराकीत उतरलेल्यांनी काही महिन्यांच्या बोलीने पदर खोचला आणि नातवंडे तिथेच वाढली. त्यांनी जर सामान बांधूनच ठेवले असते, तर ना येथे शाळा निघाल्या असत्या, ना बाजार उभा राहिला असता. उलट, त्यांच्या बायका पापड लाटू लागल्या आणि दारी येणाऱ्याला पाण्याबरोबर पापड देऊ लागल्या. पाहुण्याला द्यायला काहीतरी असले की जागा आपली होते. तेव्हा अकरा महिन्यांचा करार असला तरी खोकी पहिल्या पंधरवड्यातच सोडा. तुळस कुंडीत आहे, ती सोबत न्या. पहिल्या रविवारी खालच्या-वरच्या चार घरांना चहाला बोलवा. ते बोलावतील याची वाट पाहू नका. त्यांना वाटते, भाडेकरू आहेत, जातील.

वेळ झाली आहे, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. मतदारयादीचे नमुना ८ चे अर्ज आणि कागदपत्रांची यादी प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. ज्यांच्या इमारतीचा वर्ग ‘सी-१’ किंवा ‘सी-२ ए’ आहे, त्यांनी जाताना आपले नाव, घरातील माणसांची संख्या आणि टेम्पो किंवा मनुष्यबळ लागणार असल्यास तसे तेथील वहीत लिहावे. तरुण कार्यकर्ते शनिवार-रविवारी सामान उतरवायला येतील. आता ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत, त्यांनी विचारावेत, आधी भगिनींनी.